हमीचे पत्र कोणाला परवडते?

अमेरिकेत डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षा द्यावी लागते, अर्ज भरावा लागतो, मुलाखतीला उभे राहावे लागते. हे थोड्याफार फरकाने सर्वत्र असतेच. परंतु तेथे याखेरीज आणखी एक काम असते. ते कोणत्याही नियमाने सक्तीचे केलेले नाही, आणि तरीही ते न केल्यास मागे पडू ही धास्ती उमेदवारांच्या मनात घर करून असते. ते काम म्हणजे पत्रे लिहिणे. मुलाखत झाली की आभाराचे पत्र. दोन महिने काही कळले नाही की इच्छा अजून कायम असल्याचे पत्र. मधल्या काळात एखादा शोधनिबंध छापून आला, एखाद्या सत्राचे गुण लागले, तर ती नवी माहिती कळविणारे पत्र. आणि अखेरीस, प्रतीक्षायादीत नाव अडकून पडले की, प्रवेश मिळाल्यास अन्यत्र कोठेही न जाता आपल्याच महाविद्यालयात येऊ, असे वचन देणारे पत्र. या शेवटच्या पत्राला तिकडे ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणतात. मराठीत त्याला हमीपत्र म्हणता येईल. मात्र कायद्याच्या दृष्टीने त्या हमीला काही किंमत नाही. ते केवळ नैतिक वचन असते आणि ते एकाच महाविद्यालयाला द्यावे असा संकेत आहे.

एका विद्यार्थ्याने एका संस्थेला लिहिलेल्या चार ओळींत समाजवादी विचाराच्या माणसाने लक्ष घालावे असे काय आहे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. उत्तर असे की, डॉक्टर कोण होतो यावर समाजातील आजाऱ्यांकडे कोण पाहतो हे ठरते, आणि डॉक्टर कोण होतो हे ठरविणाऱ्या यंत्रणेत जेथे जेथे अलिखित नियम शिरतात, तेथे तेथे ते नियम ज्यांना घरातूनच ठाऊक असतात त्यांचाच लाभ होतो.

ही पत्रे जन्माला का येतात हे आधी पाहिले पाहिजे. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्रीय अर्जसेवेतून सुमारे ५२ हजार उमेदवारांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जणांना महाविद्यालयात पाऊल ठेवता आले. अर्ज एकाच ठिकाणी भरला जातो हे खरे, पण निर्णय मात्र प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्रपणे घेते. एकेक उमेदवार पंधरा-अठरा महाविद्यालयांकडे अर्ज पाठवितो. परिणामी तेच ते मूठभर नामवंत उमेदवार अनेक ठिकाणी निवडले जातात आणि उरलेले हजारो प्रतीक्षायाद्यांवर ताटकळत राहतात. एकापेक्षा अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्यांनी ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवून बाकीच्या सोडाव्यात असा संकेत आहे. त्यानंतर याद्या हलू लागतात आणि वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहतात. या काळात महाविद्यालयाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: बोलावले तर हा येईल का? नकार ऐकावा लागला की आकडेवारी बिघडते, जागा रिकामी राहण्याची भीती वाटते. उमेदवाराला हे ठाऊक असते, म्हणून तो न विचारता उत्तर देतो. बाजारात माल घेणारा आणि विकणारा एकमेकांच्या मनाचा अंदाज घेत बसतात, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे माल म्हणजे एका तरुणाचे सबंध आयुष्य.

या पत्रव्यवहाराबाबत महाविद्यालयांचे धोरणही एकसारखे नाही. काही महाविद्यालये नव्या माहितीचे स्वागत करतात. काही मुलाखतीनंतर कोणताही कागद पाठवू नये असे स्पष्ट बजावतात. काही मौन पाळतात. कोठे पत्र चालते, कोठे चालत नाही, कोणत्या महिन्यात पाठवावे, त्यात काय लिहावे, हे सांगणारे मार्गदर्शक मोठ्या विद्यापीठांत नेमलेले असतात, आणि ज्यांना त्याहून अधिक हवे असते त्यांच्यासाठी हजारो डॉलर घेणारे खासगी सल्लागार आहेत. घरात आधीच डॉक्टर असेल तर सल्लागाराचीही गरज नाही. जेवणाच्या टेबलावरच मसुदा तयार होतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथील मराठी कुटुंबांपैकी अनेकांना ही विद्या आता चांगली अवगत झाली आहे. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्याच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा तो पहिलाच आहे, त्याला नियमावलीत न छापलेले दार आहे हे कोण सांगणार? तो सूचना वाचतो, सूचनेबरहुकूम वागतो आणि गप्प राहतो. त्याच्या मौनाचा अर्थ मग अनास्था असा लावला जातो.

नव्या माहितीच्या पत्राचेही तेच आहे. असे पत्र लिहायचे तर कळविण्यासारखे काही घडलेले असले पाहिजे. सप्टेंबरपासून मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांत कोणाच्या आयुष्यात नवे काही घडते? ज्याला प्रयोगशाळेत बिनपगारी काम करणे परवडते, त्याच्या नावे शोधनिबंध लागतो. ज्याच्या वडिलांची ओळख आहे, त्याला एखाद्या शल्यविशारदाच्या मागे उभे राहून शस्त्रक्रिया पाहायला मिळते. जो रात्रपाळीला रुग्णवाहिकेवर जातो, किंवा दुकानात माल लावून घराचे भाडे भरतो, त्याचे सहा महिने आधीच्या सहा महिन्यांसारखेच असतात. तो त्याच पाळीला जातो, तेच काम करतो. वैद्यकीय सेवेची खरी जाण त्याला कदाचित पहिल्या दोघांपेक्षा अधिक असेल, पण पत्रात लिहिण्याजोगे ‘नवे’ त्याच्यापाशी काही नसते.

परंतु या सर्वांहून गंभीर प्रश्न हमीपत्राचा आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. प्रवेश मिळाल्यास निश्चित येतो, असे वचन कोण देऊ शकतो? ज्याला फीची चिंता नाही तोच. अमेरिकेतील अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत केवळ शिक्षणशुल्कच वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जाते. कर्ज काढून शिकलेला पदवीधर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सामान्यतः दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असते. अशा परिस्थितीत गरीब घरातील विद्यार्थ्याला महाविद्यालय निवडताना पहिला विचार करावा लागतो तो शिष्यवृत्ती किती मिळेल याचा, आणि तो आकडा त्याला कळतो प्रवेश मिळाल्यानंतर. म्हणजे आधी वचन, मग किंमत. असा सौदा भाजीबाजारातही कोणी करीत नाही. त्या विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरतात: प्रामाणिकपणे वचन न देणे, किंवा ते दिल्यावर पैसे अपुरे पडले म्हणून मोडणे. पहिल्या मार्गाने तो यादीत मागे राहतो. दुसऱ्या मार्गाने तो शब्दाला न जागणारा ठरतो. सुखवस्तू घरातील मुलाला यापैकी कोणतीच अडचण नाही. त्याचे वचन त्याला फुकट पडते आणि म्हणूनच ते दृढ वाटते.

२०२५ च्या जुलैमध्ये मंजूर झालेल्या संघराज्याच्या कायद्याने ही कोंडी अधिक घट्ट केली आहे. पदव्युत्तर व व्यावसायिक शिक्षणाचा पूर्ण खर्च भागेपर्यंत सरकारी कर्ज देणारी ‘ग्रॅड प्लस’ योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याची तरतूद त्यात आहे, आणि व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी कर्जाला वर्षाला पन्नास हजार व एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा घातली आहे. वरचा खर्च खासगी सावकारी कंपन्यांकडून उचलावा लागणार. ज्या मुलाचा हमीदार व्हायला घरात कोणी नाही, त्याने महाविद्यालयाला हमी द्यावी अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे.

हेही लक्षात घेतले पाहिजे की अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश विद्यार्थी उत्पन्नाच्या उतरंडीत वरच्या दोन पंचमांशांत मोडणाऱ्या कुटुंबांतून येतात, आणि गेल्या तीन दशकांहून अधिक काळ हे प्रमाण फारसे हललेले नाही. हे सारे पत्रांमुळे घडते असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. शाळा, वस्ती, प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा खर्च, केंद्रीय अर्जाचे पहिल्या महाविद्यालयासाठी पावणेदोनशे डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी पंचेचाळीसच्या आसपास डॉलर, वर प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे शुल्क; अशा अनेक चाळण्यांतून गरीब आधीच गळून गेलेला असतो. पत्र ही शेवटची चाळणी. परंतु ती लागते कोणाला, तर या सर्व चाळण्या पार करून दारापर्यंत पोचलेल्या मोजक्यांना. आणि ती तेथेच लागावी हे अधिक संतापजनक आहे.

या पत्रांची पाठराखण करणारे एक युक्तिवाद करतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, गुण आणि आकडे यांच्या पलीकडे माणूस असतो. त्याला स्वतःविषयी बोलण्याची एक संधी असावी. पत्र हे दुर्बळाचेच हत्यार आहे. तत्त्वतः हे मान्य करता येईल. पण व्यवहारात ते हत्यार कोणाच्या हाती चालते, याचा एक दाखला अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासातच नोंदलेला आहे.

१९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात शंभर जागांसाठी २,४६४ अर्ज आले होते. शंभरांपैकी सोळा जागा वंचित अल्पसंख्य गटांतील विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. ॲलन बाकी नावाच्या तेहतीस वर्षांच्या गोऱ्या अभियंत्याला प्रवेश नाकारण्यात आला. त्याने प्रवेश समितीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज लाउरी यांना पत्र लिहून विशेष जागांच्या योजनेला आक्षेप घेतला. नकारानंतर लिहिलेले, सर्वांत दूरगामी परिणाम झालेले पाठपुराव्याचे पत्र कोणते असे विचारल्यास याच पत्राकडे बोट दाखवावे लागेल. त्या महाविद्यालयाच्या प्रवेश विभागातील पीटर स्टोरँट या अधिकाऱ्याने बाकीविषयी सहानुभूती दाखविली, इतकेच नव्हे तर दावा कसा लढवावा याविषयी सल्लाही दिला. ही हकिगत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या तळटिपेत आहे. पुढच्या वर्षी ३,७३७ अर्ज आले, बाकी पुन्हा नाकारला गेला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. २८ जून १९७८ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा निर्णय दिला, राखीव जागांची ती योजना रद्द केली आणि वंश हा अनेक घटकांपैकी एक घटक म्हणून विचारात घेण्यापुरती मुभा ठेवली. बाकी १९८२ साली डॉक्टर झाला. २०२३ च्या जूनमध्ये ती उरलेली मुभाही सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात जवळजवळ संपुष्टात आणली.

बाकीच्या तक्रारीत तथ्य होते की नव्हते, हा वाद येथे बाजूस ठेवू. पण त्याच निकालपत्रात आणखी एक तपशील आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. डेव्हिसची प्रतीक्षायादी गुणांच्या क्रमाने लावली जात नसे. ‘विशेष कौशल्य’ असलेल्यांना यादीत घालण्याचा अधिकार अध्यक्षांना होता. म्हणजे सोळा जागा उघडपणे, कारण सांगून, ठरलेल्या गटांसाठी राखल्या तर त्या घटनाबाह्य. आणि यादी एका व्यक्तीच्या मर्जीवर सोडली तर तिच्याविरुद्ध कोणी न्यायालयाची पायरीही चढत नाही! लेखी आरक्षणावर आग पाखडणाऱ्यांना अलिखित आरक्षणाची सवय इतकी झालेली असते की ते त्यांना दिसतही नाही. १९२० नंतरच्या दोन दशकांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्यासाठी तिकडच्या अनेक महाविद्यालयांनी मुलाखत आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचा वापर केला, तो याच अलिखित वाटेने. मर्जीला वाव असलेली प्रत्येक जागा आधी बलवानाच्या ताब्यात जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे वाचून काहीसे समाधान वाटण्याचा संभव आहे. येथे अशी पत्रे नाहीत. नीट परीक्षेचा क्रमांक, पसंतिक्रमाचा अर्ज, संगणकाने केलेले वाटप. उमेदवाराने कोणाची मनधरणी करण्याचा प्रश्नच नाही. ही व्यवस्था मर्जीला पुष्कळच आळा घालते, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही, विशेषतः ज्यांनी चिठ्ठी आणि वशिल्याचा काळ पाहिला आहे त्यांना. १९८३ नंतर विनाअनुदान महाविद्यालयांचे पीक आले, तेव्हा देणगीच्या नावाखाली जो लिलाव चालला तो थांबविण्यासाठी १९८७ साली या राज्याला कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. परंतु बंद दाराआडचा पैसा पुढच्या दाराने आत आला. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाख रुपयांच्या वर शुल्क आहे. खासगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांच्या नावाने पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात, संमती दिली. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले नीटला बसली आणि त्याच वर्षी प्रश्नपत्रिका फुटली. ज्या क्रमांकाला निःपक्ष म्हणून मिरविले जाते, तो लातूर-कोट्याच्या शिकवणी वर्गांत दोन-दोन वर्षे लाखो रुपये ओतून मिळविला जातो. पत्र नाही म्हणून न्याय आहे, असे समीकरण येथे मांडता येत नाही.

तथापि या व्यवस्थेतील एक गोष्ट अमेरिकेने घ्यावी अशी आहे: पसंती विचारायची तर ती सर्वांना, एकाच वेळी, एकाच नमुन्यात विचारावी. आणि गंमत अशी की ही कल्पना अमेरिकेला परकीही नाही. डॉक्टर झाल्यानंतर रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या जागा तेथे १९५२ पासून एका राष्ट्रीय जुळणी पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार आपला पसंतिक्रम देतो, रुग्णालये आपला देतात, दोन्हींची सांगड संगणक घालतो, आणि उमेदवाराने आपल्याला कोणत्या क्रमांकावर ठेवले हे त्याला विचारण्यास रुग्णालयांना बंदी आहे. टेक्सासमधील सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांची अर्जसेवा वेगळी आहे आणि तेथे राज्याचे रहिवासी असलेले उमेदवार पदवी प्रवेशासाठीही पसंतिक्रम नोंदवितात. पत्रे तेथेही लिहिली जातात, परंतु आपली पसंती कळविण्यासाठी कोणालाही पत्रावर विसंबून राहावे लागत नाही.

याहून उद्बोधक उदाहरण कान-नाक-घसा शाखेचे आहे. त्या शाखेतील प्रशिक्षणाच्या जागांसाठी एकेक उमेदवार डझनावारी अर्ज करू लागला, तेव्हा कोणाला खरोखर यायचे आहे हे कळेना. २०२०-२१ च्या फेरीत प्रत्येक उमेदवाराला पाच खुणा देण्यात आल्या. ज्या पाच ठिकाणी जाण्याची विशेष इच्छा असेल तेथे त्याने त्या खर्चाव्यात. श्रीमंताला सहावी खूण विकत घेता येत नाही, आणि गरिबाला आपल्या वाट्याच्या पाच आहेत हे कोणा सल्लागाराकडून कळावे लागत नाही. अर्जातच ते छापलेले असते. पुढच्याच वर्षी अन्य शाखांनी हा प्रयोग उचलला. शिक्षण संपविलेल्या डॉक्टरांना जी समान वागणूक देता येते, ती शिक्षणाच्या दाराशी उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलांना का देता येऊ नये?

हमीपत्राची मागणी वा अपेक्षा महाविद्यालयांनी सरळ सोडून द्यावी. प्रतीक्षायादीतील प्रत्येकाला अर्जसेवेमार्फत एकच प्रश्न जावा आणि त्याचे उत्तर एका खुणेने देता यावे. त्याआधी त्याला मिळू शकणाऱ्या शिष्यवृत्तीचा किमान अंदाज लेखी दिला जावा. नवी माहिती हवी असेल तर ती सर्वांकडून ठरावीक तारखेला मागवावी, आणि त्या रकान्यात शोधनिबंधाबरोबर पगारी नोकरीचे तासही मोजले जावेत. हे शेवटचे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये. ज्या डेव्हिसला बाकीने पत्र लिहिले, तेच महाविद्यालय गेल्या दशकापासून उमेदवाराच्या आर्थिक-सामाजिक वंचिततेचे मोजमाप करून प्रवेशाच्या वेळी ते विचारात घेत आहे. पालकांचे शिक्षण, घरचे उत्पन्न, शिकत असताना कुटुंबाला हातभार लावावा लागला की नाही, अशा गोष्टी त्यात येतात. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमताने वंशाचा विचार करण्यास बंदी घातली असूनही त्यांनी हा मार्ग काढला.

महाविद्यालये यावर म्हणतील की संपूर्ण देशाची यंत्रणा बदलणे सोपे नाही. पण येथे संपूर्ण यंत्रणा बदलायची नाहीच. प्रवेश मिळालेला विद्यार्थी अखेर कोठे जाणार आहे हे कळविण्याचा रकाना केंद्रीय अर्जसेवेत २०१९ च्या प्रवेशापासून आहे, आणि ३० एप्रिलनंतर महाविद्यालये तो पाहतात. तो रकाना प्रतीक्षायादीतील उमेदवारांसाठी उघडायचा, एवढेच शिल्लक आहे.